मस्टरवरचे नाव : बाग, मांडू आणि कुक्षी परिसरातील पाहुणचाराचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला एका होमिओपॅथी डॉक्टरला बोलावले, यात धाडस माझ्यापेक्षा आपले जास्त आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. कुक्षीत दवाखाना चालवण्यात आयुष्य गेले. आमच्या चिकित्सापद्धतीत रोग्याला पुष्कळ बोलू द्यावे लागते. आजाराबरोबर त्याचे गाव, धंदा, बापजाद्यांच्या खोडी असे सगळे विचारावे लागते. त्या विचारपुशीतून जो इतिहास कानावर पडला आणि पुढे पुस्तकांशी ताडून पाहता आला, तेवढाच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय आहे आदिवासी मुलखातील पर्यटन आणि त्यातून उभा राहणारा रोजगार. सरकारी कागदात याला 'पर्यटन क्षेत्रातील मनुष्यबळ विकास' असे भारदस्त नाव आहे. आमच्याकडे पाहुणे गेली पंधराशे वर्षे येत आहेत आणि त्यांची सोय करणारे हातही तेवढेच जुने आहेत. प्रश्न एवढाच, की त्या हातांची नावे कुठे नोंदली गेली आणि कुठे गेली नाहीत. मजुरांच्या हजेरीपटाला आमच्याकडे, आणि महाराष्ट्रातही, 'मस्टर' म्हणतात. तो एक शब्द आपण लक्षात ठेवावा.

कुक्षी धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. उत्तरेला विंध्याची उतरण, दक्षिणेला नर्मदा, पलीकडे बडवानी, पश्चिमेला अलीराजपूर. संस्थानी काळात कुक्षी धारच्या पवारांकडे होती आणि अवघ्या वीसेक किलोमीटरवरचे बाग ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे. म्हणजे दोन्हीकडे मराठी दौलतीच, पण शेजारची दोन गावे दोन दरबारांची. २०११ च्या जनगणनेत धार जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे प्रमाण ५५.९ टक्के भरले, अलीराजपूरमध्ये ८९ टक्के. भील, भिलाला, बारेला हे देशाच्या हिशेबात अल्पसंख्य असले तरी आमच्या हाटात बहुसंख्य आहेत. हाटात अल्पसंख्य असतो तो माझ्यासारखा बनिया.

पाहुणचाराचा आमच्याकडचा एक फार जुना लेख तांब्याचा आहे. बागेच्या लेण्यांची साफसफाई चालू असताना, १९२९ मध्ये, दुसऱ्या लेण्यात एक ताम्रपट मिळाला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने तो दिलेला आहे. ताम्रपटावरचा वर्षाचा आकडा गेला आहे. पण याच सुबंधूचा दुसरा ताम्रपट बडवानीला मिळाला, त्यावर १६७ हे वर्ष आहे. महामहोपाध्याय मिराशी ते कलचुरी संवताचे मानतात, इतर काही अभ्यासक गुप्त संवताचे. कोणाचेही खरे धरले तरी काळ पाचव्या शतकाचाच येतो. दत्तटक नावाच्या कोणा गृहस्थाने करविलेल्या 'कलयन' विहाराला सुबंधूने दासिलकपल्ली हे गाव लावून दिले. कशासाठी, त्याची यादी आहे : बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप, फुले, मोडतोड झालेल्या भागाची दुरुस्ती, आणि भिक्षुसंघासाठी चीवर, अन्न, आसन-बिछाना आणि औषध.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा 'औषध' या शब्दाशी थबकलो, ते धंद्यामुळे. नंतर मात्र दुसरीच गोष्ट टोचू लागली. विहार बांधणाऱ्याचे नाव ताम्रपटात आहे, दान देणाऱ्याचे आहे, विहाराचेही आहे. ज्या दासिलकपल्लीच्या उत्पन्नातून हे अन्न, वस्त्र, औषध येणार होते, तिथल्या नांगर धरणाऱ्याचे नाव नाही. ताम्रपटाची ती रीतच नव्हे, हे मला मान्य आहे. पण खर्च कोणाचा आणि नाव कोणाचे याची वाटणी आमच्याकडे तेव्हापासूनची आहे.

पुढे लेणी ओस पडली. १८१८ मध्ये, मंदसौरचा तह होऊन माळव्यात इंग्रजांचा अंमल बसला त्याच वर्षी, लेफ्टनंट डेंजरफील्ड तिथे पोहोचला आणि त्याने लेण्यांचे वर्णन मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे पाठवले. पुस्तकांतून याला 'शोध' म्हणतात. अजिंठ्याचा 'शोध' त्यानंतर वर्षभराने, १८१९ चा. पण लेण्यांना 'पंच पांडव' हे नाव कोणी दिले? एकाला हत्तीखाना, एकाला रंगमहाल, एकाला पाठशाळा ही नावे कोणी ठेवली? जंगलातल्या जागेला असे घरगुती नाव मिळते ते तिथे रोजचे येणे-जाणे असते तेव्हाच. डेंजरफील्डला बागिनी नदीच्या काठाने तिथवर नेणारा कोणीतरी वाटाड्या असणारच, आणि तो त्या रानातलाच असणार. इतिहासात तो तेवढ्यापुरताही उरलेला नाही.

आता थोडे रस्त्यांविषयी बोलतो, कारण पाहुणा रस्त्याने येतो आणि आमचे रस्ते भिलांच्या रानातून जात होते. सर जॉन माल्कमने माळव्याची घडी बसवली तेव्हा त्याला एक गोष्ट लवकर उमगली : ज्याच्या भीतीने रस्ता बंद आहे, त्यालाच रस्त्याचा राखणदार केले तर रस्ता चालू होतो. धारजवळच्या तिरल्याच्या भूमियाला ते गाव सालिना पाचशे रुपये धार दरबारात भरण्याच्या बोलीवर कायमचे दिले, आणि धार ते सुलतानपूर या वाटेवर चोरी-दरोडा झाला तर जबाबदारी त्याची, असे ठरले. आजच्या भाषेत ही पर्यटक-सुरक्षेची कंत्राटदारीच. इथे मात्र नाव कागदावर आले, पण भूमियाचे, म्हणजे मुखियाचे. रात्री रस्त्यावर उभे राहणारे तिरकमठेवाले पुन्हा बिननावाचे.

त्या मानाने पलटणीने जास्त केले, असे मला वाटते. खानदेशात औट्रमने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभारली, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. तसाच प्रयोग आमच्याकडे १८४० च्या सुमारास झाला आणि माळवा भिल्ल पलटणीचे ठाणे सरदारपूरला आले. १९०७ मध्ये ती पलटण पोलिसांत बदलून इंदूरला हलवली, तोवर साठ-सत्तर वर्षे हे ठाणे आमच्या भागात होते. त्या काळात भील माणसाला नाव, नंबर, महिन्याचा पगार आणि म्हातारपणी पेन्शन मिळण्याची एक जागा होती. हेतू अर्थातच साम्राज्याचा होता, भिलांकडूनच भिलांना दाबायचा. तरीही रोजगाराच्या इतिहासात ही नोंद करावीच लागेल : पहिले मस्टर बंदुकीबरोबर आले.

याच काळात दुसरीकडे प्राचीन वास्तूंची सरकारी निगा सुरू झाली. मांडूचे अवशेष धार संस्थानच्या हद्दीत. जहांगीर १६१७ मध्ये तिथे काही महिने मुक्कामाला होता आणि त्याच्या छावणीबरोबर इंग्लंडचा वकील टॉमस रो हाही होता, म्हणून युरोपीय वाचकाला मांडू आधीपासून ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिटिकल एजंट कॅप्टन बार्न्स याने धार-मांडूवर लिहिले आणि अवशेषांच्या दुरुस्तीकडे लक्ष घातले. १९२९ मध्ये गुलाम याझदानी यांचे मांडूवरचे इंग्रजी पुस्तक आले. झाडी तोडणे, दगड वाहणे, चुना मळणे ही कामे ज्यांनी केली त्यांचे वंशज आजही मांडूच्या पाड्यांवर राहतात. त्यांतल्या बायका जहाजमहालाच्या वाटेवर एक मोठे, लवदार सालीचे फळ विकायला बसतात. गोरखचिंचेचे ते फळ. आमच्याकडे त्याला खुरासानी इमली म्हणतात, पाहुण्यांमध्ये 'मांडूची चिंच' म्हणून ते खपते. झाड मूळचे आफ्रिकेचे, सुलतानांच्या काळात इकडे आले असे सांगतात. मांडूच्या पर्यटनातला भील बाईचा वाटा पाहायचा असेल तर तो त्या टोपलीत पाहावा. ती जागा भाड्याची नाही, परवान्याचीही नाही. मध्यंतरी ही जुनी झाडेच मुळासकट उपटून बाहेरगावी नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. झाड गेले असते तर टोपलीही गेली असती.

बागेकडे परत येतो. ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्व खाते १९१३ मध्ये निघाले आणि त्याची सूत्रे मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्याकडे आली. मराठी वाचकांना या माणसाची आठवण नाही याचे मला वाईट वाटते. लेण्यांतला शेकडो वर्षांचा मलबा त्यांच्या देखरेखीखाली निघाला. छतांना आधार मिळाले. भित्तिचित्रे दिवसेंदिवस पुसट होत होती, म्हणून त्यांच्या नकला करून ठेवण्याचे ठरले. १९२१ मध्ये शांतिनिकेतनाकडून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. त्यांच्याबरोबर ग्वाल्हेरकडचे चित्रकार होते : भोसले, आपटे, भांड, जगताप. बंगाली नावे सगळ्यांना पाठ आहेत, ही चार मराठी नावे कोणाच्या तोंडी नाहीत. म्हणजे नाव राहणे-न राहणे हा प्रश्न फक्त भिलांचा नाही. पण फरक आहे. भोसले-आपट्यांची नावे शोधणाऱ्याला सापडतात. १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने मार्शल, गर्दे, फोगल, हॅवेल आणि कझिन्स यांचे लेख घेऊन बाग लेण्यांचे देखणे पुस्तक काढले, नकलाही छापल्या. मलबा उपसणारे आणि त्या अंधाऱ्या लेण्यांत चित्रकारांसाठी पाणी आणणारे कोण होते, हे त्या पुस्तकातून कळत नाही.

१९८२ मध्ये उरलीसुरली चित्रे भिंतीवरून अलगद सोडवून जतनासाठी काढली गेली आणि आता ती संग्रहालयात आहेत. जी पाहायला लोक येतात ती चित्रे आता लेण्यांत नाहीत, हे बाहेरून आलेल्यांना समजावून सांगणारा स्थानिक माणूस हवा. याच बागेच्या परिसरात त्याच वर्षी सत्तावीस ताम्रपटांचा साठा हाती लागला, वल्खा म्हणजे बागेच्या महाराजांचा. एवढी संपत्ती जिथे आहे तिथे आठ किलोमीटरवरच्या बाग गावातल्या भिलाला मुलाला शाळेत यातले किती शिकवतात? मी माझ्या तरुण रोग्यांना विचारत असतो. बहुतेकांना पांडव माहीत असतात, सुबंधू माहीत नसतो.

बागेत एक धंदा मात्र असा आहे की ज्याने बाहेरच्या पाहुण्याची वाट न बघता माणसे तयार केली : कापडाची छपाई. खत्री छिप्यांची ही घराणी मूळची सिंधकडची. मारवाडमार्गे मनावरला आणि तिथून बागेला आली. बागिनीचे वाहते पाणी त्यांना मानवले. त्यांचे गिऱ्हाईक कोण? दिल्ली-मुंबईची दुकाने नव्हेत, आमचे भील-भिलाला. घाघरा, ओढणी, कोणत्या जमातीच्या बाईने कोणती बुट्टी ल्यायची हे ठरलेले असे आणि छिप्याला ते पाठ असे. आदिवासी हा इथे मजूर नव्हता, तो ग्राहक होता आणि पारखीही होता.

ही छपाई मी पुष्कळदा पाहिली आहे. कापड शेळीच्या लेंड्या, एरंडेल आणि खार यांत तुडवून पुन्हा पुन्हा वाळवायचे. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवायचे, त्याने ते पिवळसर होते. काळ्या रंगासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवायचा, लाल रंगासाठी तुरटी चिंचोक्याच्या खळीत कालवायची. ठसे मारून कापड काही दिवस तसेच ठेवायचे, नंतर वाहत्या नदीत धुवायचे आणि शेवटी तांब्याच्या मोठ्या कढईत अलिझरिन आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळायचे. धावडी म्हणजे आपली धायटी, जिच्या फुलांवाचून वैद्यांची आसवे होत नाहीत. ठसा मारताना लाल रंग दिसतच नाही, तो कढईत उगवतो. किती वेळ उकळायचे, जाळ कधी कमी करायचा, हे डोळ्याने ठरते. तो डोळा तयार व्हायला वर्षे लागतात. कोणत्याही चार दिवसांच्या शिबिरात तो तयार होत नाही.

साठीच्या दशकात गिरणीचे स्वस्त सिंथेटिक कापड हाटात आले आणि आदिवासी बायकांनी ते उचलले. त्यांना दोष कसा द्यायचा? टिकाऊ, रंगीत, धुवायला सोपे. छिप्यांची पुष्कळ घरे दुसऱ्या धंद्यांत गेली. इस्माईल सुलेमानजी खत्री यांनी मात्र हट्ट धरला. जुने ठसे सांभाळले, साडी, चादर, दुपट्टा असे नवे माप घेतले, लेण्यांतली नक्षी ठशावर आणली. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग घरातल्या इतरांनाही मिळाले. बाग छपाईला भौगोलिक मानांकनही लाभले. आज त्या कारखान्यांत भील-भिलाला स्त्री-पुरुष काम करतात. ज्यांच्या आज्या या कापडाच्या गिऱ्हाईक होत्या, त्या नाती आता ते धुतात, उकळतात, काही जणी ठसाही मारतात. हे मोठे स्थित्यंतर आहे, आणि अर्धेच झालेले आहे. कारण ती ओढणी आता त्यांच्या अंगावर नसते, तिची किंमत त्यांना परवडत नाही. आणि पुरस्काराच्या यादीत त्यांची नावे यायची आहेत.

जवळचे दुसरे उदाहरण महेश्वरचे. १९७८ मध्ये रेहवा सोसायटीने तिथल्या विणकरांना, विशेषतः बायकांना, मागावर बसवले. आज महेश्वरचा घाट पाहायला येणारा माणूस साडी घेतल्याशिवाय सहसा परतत नाही. घाट आणि माग यांची गाठ तिथे कोणीतरी जाणून मारली. बागेत लेणी आणि कढई यांच्यामध्ये आठ किलोमीटर आहेत. ती गाठ अजून नीट बसलेली नाही. लेणी पाहून येणारी मोटार पुष्कळदा छपाई न पाहताच मांडूकडे वळते.

पण नाव मिळण्याची सर्वांत विलक्षण कथा झाबुआच्या पिटोलची आहे. भूरीबाई ही भील बाई मजुरीसाठी भोपाळला गेली. तिथे भारत भवन बांधले जात होते, तिथे ती बिगारी. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला विचारले, तुमच्या घरच्या भिंतीवर काढता ते कागदावर काढशील का? भारत भवन १९८२ मध्ये उघडले. जिने त्याच्यासाठी ओझे वाहिले तिची चित्रे पुढे तिथे लागली. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या बाहुल्या करणाऱ्या दांपत्यालाही मिळाली. मला यात स्वामिनाथनचे मोठेपण दिसते ते एवढ्यासाठी की त्याने बाईला नवे काही शिकवायला घेतले नाही. तिला येत होते तेच तिला विचारले.

आपल्याकडच्या प्रशिक्षणांत नेमके हेच होत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मला प्रथमोपचार शिकवायला बोलावले होते. कोणाचे शिबिर ते सांगत नाही. चाळीसेक आदिवासी मुले-मुली होती. त्यांना नमस्कार कसा करावा, रुमालाची घडी कशी घालावी, ताट कोणत्या बाजूने ठेवावे, हे शिकवले. साप चावल्यावर काय करावे हे मी शिकवणार होतो, पण त्यांतल्या तिघांना सापांची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. लेण्यांविषयी, नदीविषयी, रानातल्या झाडपाल्याविषयी त्यांना कोणी एक प्रश्न विचारला नाही. शेवटी प्रमाणपत्रे वाटली. त्यांतला एक मुलगा आज इंदूरच्या हॉटेलात आहे, दुसरा सुरतेला. म्हणजे शिबिराने मनुष्यबळ तयार केले खरे, पण ते इथून निघून जाण्यासाठी.

याच धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीच्या खडकांत, डायनोसॉरची अंडी विखुरली आहेत. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नर्मदा खोऱ्यातल्या या पट्ट्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. त्याच वर्षी पाडल्या गावची बातमी देशभर गाजली : तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतात सापडणारे गोल दगड 'काकर भैरव' म्हणून पूजत होते, आणि ते दगड डायनोसॉरची अंडी निघाले. शहरात लोक हसले. मला हसू आले नाही. त्या शेतकऱ्यांनी शेताच्या बांधावर ठेवून, नारळ फोडून ती अंडी जपली. नाहीतर ती कधीच कुंपणाच्या दगडांत गेली असती. अशा माणसाला मार्गदर्शक नेमायचे तर त्याला फक्त कोट्यवधी वर्षांचा हिशेब सांगावा लागेल, जपणे त्याला येतेच.

भगोरियाविषयी बोललो नाही तर कुक्षीकर मला माफ करणार नाहीत. होळीआधीच्या आठवड्यातले हे हाट. वालपूर, सोंडवा, छकतला, इकडे बाग, डही, कुक्षी. मांदळ, बासरी, चांदीचे दागिने, गूळ-शेव, पान. दिवाळीनंतर गुजरातेत मजुरीला गेलेली घरे या दिवसांत परततात, म्हणून माझ्या दवाखान्यातही त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. पर्यटनाच्या पत्रकांनी मात्र या हाटाला 'प्रणयपर्व' करून टाकले. मुलगा मुलीला पान देतो, गुलाल लावतो, पळवून नेतो, एवढेच बाहेरच्याला माहीत. आदिवासी संघटना वर्षानुवर्षे सांगत आहेत की हा होळीच्या खरेदीचा हाट आहे, आमच्या मुलींचा तमाशा नव्हे. एका भगोरियात मी उभा असताना शहरातून आलेला एक वाटाड्या आपल्या पाहुण्यांना हीच कथा रंगवून सांगत होता. माझ्या शेजारी डहीकडचा एक भिलाला तरुण होता, पदवीधर. त्याने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, "डाक्टर साब, हा कोणाविषयी बोलतोय?" त्या दिवशी सांगणाऱ्याला पैसे मिळाले, आणि ज्याच्याविषयी सांगितले त्याला विचारलेही नाही.

आमच्या जैन समाजाकडेही बोट दाखवले पाहिजे. कुक्षीजवळ तालनपूर, राजगडजवळ मोहनखेडा, अलीराजपूरकडे लक्ष्मणी, नर्मदेपलीकडे बावनगजा. यात्रेकरूंचा ओघ बारमाही. या भागात नियमित चालणारे खरे पर्यटन हेच, सरकारच्या कोणत्याही योजनेपेक्षा जुने. पाणी भरणे, झाडलोट, खोल्यांतल्या गाद्या उचलणे, डोंगरावर म्हाताऱ्यांना डोलीतून नेणे ही कामे आदिवासी करतात. मी एकदा एका धर्मशाळेच्या बैठकीत म्हटले की बारावी झालेल्या भिलाला मुलीला नोंदवहीच्या टेबलावर बसवा. सगळ्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि पुढचा विषय घेतला.

आता, हे सगळे मला इतके का लागते, ते सांगतो. आमच्याकडची माणसे हंगाम संपला की गुजरातेत जातात. सौराष्ट्रातल्या शेतांवर, मोरबीकडे, सुरतेच्या बांधकामांवर. त्यांतली काही गोध्रा-बालासिनोरच्या बाजूला गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेली. तिथली दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. तो सिलिकोसिस. तो बरा होत नाही, माझ्या गोळ्यांनी नाही आणि मोठ्या इस्पितळाच्या औषधांनीही नाही. अनेकांना क्षय समजून वर्षभर क्षयाची औषधे दिली गेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या घरांना प्रत्येकी तीन लाख द्यावेत असे सांगितले. ते पैसे मिळण्यासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. लढ्यातली मोठी अडचण कोणती होती? कारखान्यात काम केल्याचा कागद नाही. ओळखपत्र नाही, पगारपावती नाही, मस्टरवर नाव नाही.

म्हणून पर्यटनाकडे मी हौस म्हणून पाहू शकत नाही. घरापासून आठ किलोमीटरवर, स्वच्छ हवेत, स्वतःच्या माहितीवर चार पैसे मिळाले तर एक माणूस त्या धुळीत जात नाही. राज्यात हे होऊ शकते याची उदाहरणे आहेत. छिंदवाड्याचे साबरवानी, ओरछाजवळचे लाडपुरा खास, चंदेरीजवळचे प्राणपूर या तीन गावांना २०२४ मध्ये केंद्र सरकारने उत्तम पर्यटन ग्राम म्हणून गौरवले. लाडपुऱ्यात पाहुणा गावकऱ्याच्याच घरात उतरतो, पैसे घरधनीणीच्या हातात पडतात. आमच्याकडे सरदार सरोवराच्या पाण्याने निसरपूर, चिखलदा बुडाले, आणि आता त्याच पाण्यावरून केवडियाच्या पुतळ्यापर्यंत पर्यटकांची बोट नेण्याच्या गोष्टी चालू आहेत. बोट यावी, माझा विरोध नाही. तिच्यावर तिकीट फाडणारा, इंजिन चालवणारा आणि काठावरचे बुडालेले गाव बोटाने दाखवणारा कोण असेल, हे आधी ठरावे.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. बागेपलीकडच्या एका फळ्यावरचा एक माणूस माझ्याकडे खोकल्यासाठी येत असे. गारगोटीच्या कारखान्यात त्याने दोन हंगाम काढले होते. तो गेला त्याला बरीच वर्षे झाली. त्याची मुलगी आता छपाईच्या एका कारखान्यात कढईवर असते. मागच्या भगोरियाला ती दवाखान्यात आली, औषधासाठी नव्हे. वडिलांचा जुना केसपेपर हवा होता. ते तिकडे कामाला होते असे कुठेतरी लिहिलेले दाखवायचे होते, अर्जाला जोडण्यासाठी. मी माळ्यावरचे गठ्ठे काढले. दुपारभर शोधल्यावर कार्ड सापडले. नाव होते, वय होते, गाव होते, खोकला कधी वाढतो, कोणत्या कुशीवर झोप लागते, स्वप्ने कसली पडतात, हेसुद्धा मी तपशिलाने लिहिले होते. व्यवसायाच्या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द होता : मजुरी.